विहीर आमची

मुलुंड पूर्व
मंगळवार, दुपार

प्रिय सेलिना,

तुला याआधीचं पत्र मी दहावीच्या सुट्टीत मालवणहून लिहिलं होतं. त्यातलं अर्धं पान तिथल्या डासांबद्दल होतं आणि उरलेल्या अर्ध्या पानात मी विचारलं होतं, की निकाल लागल्यावर तू मला विसरणार तर नाहीस ना. आता पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न घेऊन बसले आहे.

सहा वेळा फोन केला तुला. सातव्यांदा जॉनीने उचलला. "सेलिना कामात आहे," एवढंच म्हणाला. मी तुमच्या ल्युसीच्या लग्नाची तयारी विचारली, तर म्हणाला, "तयारी कसली गं. शनिवारी उंबराचं पाणी नाही करत आम्ही. बँडवाल्याला नको कळवलंय. नळाची बादली भरू, लेकीच्या डोक्यावर ओतू, रविवारी चर्च. झालं." जॉनी असं बोलतो तेव्हा मला त्याच्या रागावण्यापेक्षा जास्त भीती वाटते. तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणल्याशिवाय नवरा-नवरीची आंघोळ होत नाही, हे तू मला सांगायला नको. तुझ्या वेळी पुढची कळशी माझ्या कमरेवर होती. तुझ्या आईने मला लाल चौकड्यांचं लुगडं नेसवलं होतं आणि ते निऱ्यांशी सुटायला लागलं म्हणून मी सबंध रस्ता ते एका हाताने धरून चाललेय. तू मागून हसत होतीस. नवरी होतीस, जरा गप्प बसायचं ना!

बाबा माझ्याकडेच असतात हल्ली. ऐंशीला टेकलेत. गिरणीतल्या यंत्रांनी कान गेले ते गेलेच, कानातलं मशीन लावतात पण घरात असले की काढून ठेवतात. दिवसभर टीव्ही बघतात, आवाज शून्य, खालची पट्टी वाचत. गेल्या महिन्यात मी शाळेतून आले तर मला हाताला धरून टीव्हीसमोर उभं केलं. तोच, सगळीकडे फिरणारा व्हिडिओ. लुगडी नेसलेल्या बायका, विहिरीचा कठडा, तुझी मावशी पाण्यात मूठभर काहीतरी टाकते, आणि खाली लाल अक्षरांत प्रश्न: 'अंधेरीच्या विहिरीवर नेमकं काय चाललंय?' प्रश्नचिन्ह टाकलं की त्यांची जबाबदारी संपते. बाबा म्हणाले, "बघ गो, पाण्यात काय टाकतत ते. लोकांनी पिवचा काय?" मी म्हटलं, तांदूळ आहेत ते बाबा, विहिरीला वाहतात. तर म्हणाले, "तुका काय म्हायत? टीव्हीर दाखवतत ता काय खोटा आसतला?"

ज्या विहिरीचं पाणी त्यांनी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा वर्षं चढवलं, ती त्यांनी ओळखली नाही. तुमच्या दारात नाताळला ज्याने हक्काने तळलेले फुगे मागून खाल्ले, तो हा माणूस. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. वाद घातला नाही. माझं हे नेहमीचंच.

आपल्या बॅचच्या ग्रुपवरचं तर तुला माहीतच आहे. पण तू बाहेर पडल्यावरचं माहीत नसेल, म्हणून सांगते. हर्षद आणि चंद्रप्रकाश अजून भांडतायत. हर्षद रोज सकाळी एक नवीन लिंक टाकतो, "बातमीत आलंय म्हणजे काहीतरी असेलच ना यार." चंद्रप्रकाश लिहितो, "तुझं चॅनेल विकलेलं आहे." मग हर्षद, "आणि तुझं काय धर्मादाय आहे?" मग निवडणूक, मग इतिहास, मग कोणाचे पूर्वज कुठून आले. चंद्रप्रकाश तुमच्या बाजूने भांडतो म्हणून मी आधी त्याला मनातल्या मनात धन्यवाद द्यायचे. नंतर लक्षात आलं, त्यालाही तुझ्याशी घेणंदेणं नव्हतं. हर्षदला हरवायला तुमची विहीर त्याच्या कामाची होती, एवढंच. तू असेपर्यंतच पाचशेवर मेसेज झाले असतील, आणि त्या ग्रुपमध्ये बसलेल्या तुला एकानेही विचारलं नाही, की सेलिना, हे काय आहे गं?

शेवटी तूच लिहिलंस. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "ते आमचं उंबराचं पाणी आहे. ॲड्रियनच्या लग्नाचं. माझा भाचा. तुम्ही सगळे लहानपणी आमच्याकडे यायचात ना रे?" त्यावर दोन अंगठे आले. आणि मग हर्षदने विचारलं, "ते ठीक आहे. पण 'विहीर आमची' म्हणून ओरडणारी ती बाई कोण? तिचं नाव सांग, विषय संपला."

तू टाइप करत होतीस. वर दिसत होतं. मी वर्गाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते, आत आठवीची मुलं दंगा करत होती. मग ते दिसायचं थांबलं. आणि मग, सेलिना लेफ्ट.

त्या दिवशी त्याच आठवीला मी माहितीची खातरजमा कशी करावी हा पाठ शिकवला. फळ्यावर लिहिलं, पूर्ण पाहा, मूळ शोधा, संबंधित माणसाला विचारा. माझं अक्षर छान आलं होतं.

विहिरीवर जाळी बसल्याचं मला पेपरमधून कळलं. त्या व्हिडिओनंतर शेजारच्या टॉवरवाल्यांनी 'सुरक्षेसाठी' बसवली आणि कुलूप लावलं. जॉनी किल्ली मागायला गेला, तर सेक्रेटरीने परवानगीचा कागद मागितला म्हणे. तुमच्या पणजोबांनी खणलेल्या विहिरीचा कागद! ते वाचलं त्या रात्रीपासून जेवण जात नाही. बाबांनीसुद्धा विचारलं, "तुका बरा नाय काय?"

आठवतं तुला, पाण्याची टंचाई होती ते वर्ष? आपण पाचवीत होतो. शाळा सुटली की दप्तर टाकून पळायचं. चाळीची रांग वेगळी, गावठाणाची वेगळी, आणि कठड्याला आधी हात लावून जी 'विहीर आमची' ओरडेल तिच्या बाजूच्या कळशा आधी भरायच्या. हा कायदा कोणी केला देव जाणे, पण मोठी माणसंसुद्धा पाळायची. तुझं घर जवळ, त्यामुळे तूच जिंकायचीस. मी धापा टाकत यायचे आणि तू कठड्यावर बसून पाय हलवत असायचीस. अख्ख्या उन्हाळ्यात मी एकदाही जिंकले नाही. मी फार लावून घ्यायचे, हे तुला माहीत होतं. म्हणून तर ॲड्रियनच्या वेळी तू मुद्दाम मागे राहिलीस ना? गुडघा दुखतो म्हणालीस. गुडघा नव्हता दुखत. बँड वाजत होता, मावशी तांदूळ वाहत होती, आणि पस्तीस वर्षांनी मला पहिल्यांदा कठडा मोकळा मिळाला.

बघ, सगळं लिहून झालं आणि जे लिहायला बसले तेच राहिलं. तो व्हिडिओ मी काढला होता. तो आवाज माझा आहे. चार मिनिटांचा व्हिडिओ मी हौसेने स्टेटसला ठेवला, तिथे त्याचे आपोआप तुकडे झाले, आणि कोणीतरी त्यातला एकच तुकडा उचलला. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हर्षदने नाव विचारलं तेव्हा तुला फक्त दोन शब्द लिहायचे होते, 'जयंती सावंत', आणि तुमच्यावरचं सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. शाळेने शिक्षकांना सोशल मीडियाबद्दल ताकीद दिलीय, हे मी तुला कधीतरी सहज बोलले होते. तू ते लक्षात ठेवलंस आणि निघून गेलीस. आणि मी सव्वीस दिवस गप्प राहिले. रोज वाटायचं, आपोआप विझेल. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त, बाबांना काय वाटेल, ग्रुप काय म्हणेल. इतकी क्षुल्लक भीती होती ती, सेलिना.

रविवारी बाबांना मशीन लावायला लावलं आणि चारही मिनिटं दाखवली. मधेच त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. "ही आपली बाव मां?" मग माझी आरोळी आली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो आवाज तुझो मां गो?" हो म्हटलं. त्यानंतर दिवसभर टीव्ही लावला नाही. काल सकाळी उठून बघते तर माळ्यावरची तांब्याची कळशी खाली काढून, चिंच लावून घासत बसले होते.

आज सकाळी मी पूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ती बाई मी.' नावासकट. मुख्याध्यापकांना सांगितलं, टॉवरच्या सेक्रेटरीला तेच सहीनिशी लिहून किल्ली मागितली. मग फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. त्यात आता काय काय येऊन पडलं असेल ते बघायचं धाडस अजून झालेलं नाही. कुलूप उघडेल की नाही, माझी नोकरी राहील की नाही, काही माहीत नाही. माफीबद्दल तर विचारतच नाही. हे पत्र एवढ्यासाठी, की शनिवारी चार वाजता मी कळशी घेऊन जाळीपाशी उभी असेन, बाबाही असतील. बँडवाल्याला पुन्हा फोन कर. आणि मागे राहू नकोस या वेळी, गुडघ्याची सबब चालणार नाही. धावत ये, कठड्याला आधी हात लाव, आणि काय ओरडायचं ते तूच ओरड. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझ्यामागून धापा टाकत येणारी, तुझीच,
जयंती