दसऱ्याआधी उघडलेलं कपाट

तळेगाव दाभाडे,
१८ सप्टेंबर २०२५

चि. कौमुदीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू माझं बोलणं तोडतेस, म्हणून पत्र. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं तुझ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाला दिलेलं लहान मुलांच्या उपचारांच्या सामानाचं कपाट पोचलं, हे मी सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं आहे. घाटात जखमी झालेल्या पोरांच्या तोंडावर मोठ्या माणसांचा ऑक्सिजनचा मास्क धरून तुम्ही त्यांना पुण्याला पाठवता, हे ऐकल्यापासून मला चैन नव्हतं.

पण पितृपक्षात नवी वस्तू उघडायची नाही. फीत मी स्वतः बांधली आहे, दसऱ्याला मीच कापीन. भाषण तयार आहे. ते ऐकताना तुझी आई दोनदा झोपली. तोवर कपाटाला कोणी हात लावू नये. तूसुद्धा!

जेवत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

लोणावळा,
२३ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी वाईट बातमी. कपाट मी उघडलं, तेही ऐन सर्वपित्री अमावास्येला.

वडिवळ्याची पाच वर्षांची तेजल ट्रॅक्टरवरून पडली. आजी शालूबाई तिला छातीशी धरून घेऊन आल्या. पोटात रक्तस्राव होत होता, पोर पांढरी पडली होती, आणि आमच्या सुया तिच्या शिरांना मोठ्या होत होत्या. सविता सिस्टर एकदा कपाटाकडे बघत, एकदा माझ्याकडे. तुमची ताकीद साऱ्या विभागाला पाठ आहे. बाबा, क्षणभर मीही थांबले. मग कात्री घेतली.

आतली रंगीत पट्टी तिच्या शेजारी अंथरली, उंचीवरून वजन आणि औषधाचं माप कळलं. शीर मिळेचना, तेव्हा नडगीच्या हाडात छोटी सुई घालून रक्त दिलं. जरा सावरली, तशी शस्त्रक्रियेसाठी पुण्याला पाठवली. काल शालूबाईंनी फोनवर सांगितलं, की आपरेशन नीट झालं, पोर लय भांडतीया, सुई नको म्हंती, आता न्हाई काळजी.

मंडळात तुम्हाला मान खाली घालावी लागेल, याचं वाईट वाटतं. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची लाडकी,
कौमुदी

तळेगाव दाभाडे,
२६ सप्टेंबर २०२५

चि. कौमुदीस,
अ. उ. आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, आधी चिडलो. मग तू क्षणभर थांबलीस, त्या ओळीपाशी अडकलो. मी बांधलेल्या फितीपायी तू थांबलीस! जीव वाचवायचं सामान मुहूर्तासाठी बांधून ठेवणारा मी कसला शिक्षक?

संध्याकाळी मंडळात तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. चिटणीस हळहळले, की तुमच्या हातचं उद्घाटन गेलं. मी त्यांना सांगितलं, की हळहळ ठेवा बाजूला आणि पेढा घ्या. भाषण रद्द झालं म्हणून तुझ्या आईनं दोन घेतले. दसऱ्याला आम्ही येऊच. कपाटातलं काय काय संपलं ते कळव, भरून आणतो. तेजल घरी आली असली, तर तिलाही बघून येऊ.

शाळा, कॉलेज, लोणावळ्याची नोकरी, सगळं तू मला विचारून केलंस. त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी तू मला विचारलं नाहीस, पोरी. त्याचा त्याहून मोठा आहे.

तुझ्या लोभाचा भुकेला,
बाबा