एका चौकोनावर बहिष्कार

६ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून या घरातली परकीय कंपनीची सत्ता संपली. आमच्या सौ. नूतनच्या होमस्टेचा जुना कॉम्प्युटर साफ पुसला, लिनक्स ही कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली टाकायला घेतली. काशीदच्या किनाऱ्यावरचा पहिला मुक्त कॉम्प्युटर आपला. ज्याची यंत्रं गुलाम, तो माणूसही गुलाम, हे मी रेवदंड्याच्या सभेत ठणकावलंच होतं. टाळ्या पडल्या होत्या.

मध्येच स्क्रीनवर एक चौकोन आला. वाय-फाय वगैरेसाठी बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर हवं असेल तर खूण करा. केली नाही. ज्यांना हाकललं त्यांनाच चहाला बोलवायचं?

सकाळी, पुसण्याआधी, माझ्या मेलवर डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं. दिवाळीत दोन्ही खोल्या हव्यात, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. गणपतीत खोल्या रिकाम्या गेल्यामुळे नूतन खूश. म्हणाली, ही दिवाळीही कोरडी गेली तर खोल्यांना कुलूप लावून मी पनवेलला ताईच्या खानावळीत जाते. म्हटलं, मुक्त कॉम्प्युटरवरून जाणारा पहिला मेल हाच. ऐतिहासिक!

७ ऑक्टोबर
लिनक्स सुरू. देखणं आहे. फक्त नेट नाही. दोष राउटरचा. माळ्यावर चढवला.

दुपारी – राउटर वाशाला टांगला. तरी नाही. नूतनच्या मोबाइलवर मात्र नेट भरपूर. राउटर फितूर आहे.

८ ऑक्टोबर
टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडली. ती पासवर्ड मागते, पण टाइप केलं तर अक्षर उमटत नाही. कीबोर्ड आपटला. मग कळलं, ते उमटायचंच नसतं. असा संयम आपल्या पुढाऱ्यांत हवा.

शेजारचा दत्ताराम कुंपणावरून म्हणाला, "काय भाऊ, लागला का नेट? न्हाय? मंग पाव्हण्यांना काय भाषन ऐकवनार?" त्याचाही होमस्टे आहे. विचारधारा मात्र काही नाही. दुर्लक्ष केलं.

जेवताना नूतन म्हणाली, अहो, मेलचा पासवर्ड द्या, मी मोबाइलवरून दोन ओळी कळवते. मी उठून, हात उंचावून नकार दिला. ती म्हणाली, बसा, आमटी सांडेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
नूतनच्या मोबाइलवर (केवळ संशोधनासाठी) वाचलं की या जुन्या मॉडेलचं वाय-फाय त्या चौकोनात खूण केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे दोष माझा नाही. वाय-फायचे संस्कारच तसे.

खूण करावी का? प्रश्न मूलभूत आहे. वाचून ठरवतो.

संध्याकाळी – कपाटातली पुस्तकं काढली. प्रश्न वाटला त्याहून खोल आहे. नूतन दारात उभी राहून म्हणाली, शुक्रवार संपत आला. म्हटलं, क्रांतीला कॅलेंडर नसतं. म्हणाली, डोंबिवलीला असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
निर्णय – तात्पुरती युती. नूतन मासळी आणायला गेल्यावर पुन्हा सगळं इन्स्टॉल केलं आणि खूण केली. वाय-फाय लगेच आलं. तत्त्वाचा विजय.

लगेच मेल लिहिला. आधी स्वावलंबनाची भूमिका, मग थोडा इतिहास, शेवटी 'खोल्या आहेत'. पाठवला.

तासाभरात उत्तर आलं. तुमच्याकडून काही कळलं नाही म्हणून कालच शेजारच्या दत्तारामांकडे नक्की केलं. तुमचा मेल सावकाश वाचू.

नूतनला सांगितलं. ओरडेल म्हणून प्रतिवाद तयार ठेवला होता. तिने खोल्यांमधल्या धुतलेल्या चादरी काढल्या, घड्या घातल्या, कपाटात ठेवल्या.

प्रतिवाद चांगला होता.

२० ऑक्टोबर
पाहुणे पलीकडे. दत्तारामचं नेट बंद पडलंय. सकाळी कुंपणाशी आला, "वहिनी, पोरा ऐकत न्हाईत, तुमचा वाय-फाय द्या." नूतनने देऊन टाकला आणि त्याच्या पाहुण्यांचा चार दिवसांच्या स्वयंपाकाचं काम मागून घेतलं. पनवेलचं दिवाळीनंतर बघू म्हणाली.

कनेक्शन उत्तम. राउटरवर नऊ मोबाइल जोडलेले दिसतात. आमच्या घरात मी एकटा.

पाहुण्यांसमोर मुक्त सॉफ्टवेअरवर तासभर बोलायची तयारी केली होती. टिपणं काढली, सदरा इस्त्री केला. निघतच होतो, तेवढ्यात दत्तारामच्या स्वयंपाकघरातून नूतनचा निरोप आला – नारळ सोलून आणा, आणि इथे तोंड उघडू नका.

सदरा काढून ठेवला. सोलतोय.