मागचा खांब

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या, तू हल्ली जिना चढताना पायऱ्यांना शिव्या घालतोस. म्हणजे तब्येत ठीक असणार.

इकडे आम्ही सगळे बरे. आईला आता फारसं दिसत नाही, पण कान तिखट आहेत. शेजारी चमचा पडला तरी ‘काय सांडलं गं?’ म्हणून विचारते. माझी पोरगी दहा वर्षांची झाली. तुला तिने एकदाच पाहिलंय, तरी ‘मामा रागीट आहे का?’ असं सारखं विचारते. मी म्हणते, नाही गं, लांब राहतो एवढंच.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, म्हणून माळा आवरायला काढला. तिथे आपला तंबू निघाला. आपला धाकटा मुंगळा गेला, त्यानंतर तो कधी उभा केलाच नव्हता. आतलं कापड, खांब, खुंट्या सगळं धड आहे. वरचं कापड मात्र पार विरलंय. पोरीने हट्टच धरला की अंगणात लावायचा. मी नको म्हटलं, मग कारण सांगता येईना, मग हो म्हटलं.

वरचं कापड घेऊन ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेले. म्हातारा आहे, तोंडाने फटकळ. कापड टेबलावर पसरून म्हणाला, ‘ताई, हे आता ठिगळांनी धरून ठेवलंय. ठिगळं काढली तर तुम्हाला नुसती भोकं घरी न्यावी लागतील.’ मी म्हटलं, दुरुस्त नका करू, याच मापाचं नवंच शिवा. त्याने शिवणी उसवून तुकडे वेगळे केले आणि एकेक तुकडा नव्या कापडावर ठेवून खडूने आखायला लागला.

मागच्या कोपऱ्यापाशी थांबला. ‘हे बघा. धडधाकट कापडावर ठिगळ कोणी लावतं का?’

तळहाताएवढं ठिगळ होतं. टाके बाबांचे. तेच, प्रत्येक टाका दोनदा मागे घेतलेला, जणू कापड पळून जाणार आहे.

‘उसवू?’ त्याने विचारलं.

राहू द्या म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत त्याने पाती चालवली होती. आत दोरीचा गुंडाळलेला तुकडा होता, कापडाच्या कोपऱ्याला करकचून बांधलेला. पांढरी दोरी, वर निळ्या दोऱ्याची खूण. म्हाताऱ्याने गाठ बोटांनी चाचपली. ‘गाठ पोराच्या हातची, टाके मोठ्या माणसाचे,’ म्हणाला, आणि चहा सांगायला बाहेर गेला.

परवा नवं कापड आणून तंबू उभा केला. हिरवा रंग चांगला दिसतो. थोडं सांगायचं राहिलंय, पण पोरगी हाका मारतेय. उद्या पुरं करते.

शुक्रवार

काल लिहायचं टाळलं. परवाही. पण आता हे सांगितल्याशिवाय पाकीट बंद करणार नाही.

सोमवारी दुपारी पोरगी तंबूत बसून चित्र काढत होती. मला म्हणाली, ‘आई, मागचा खांब हलतो.’ मी म्हटलं, वारा असेल. ‘वारा कसा? कपडे तर हलत नाहीयेत.’ खरंच, वाळत घातलेली चादर लाकडाच्या फळीसारखी उभी होती. ‘तीनदा हलतो आणि थांबतो,’ ती म्हणाली. ‘परत तीनदा. कोणीतरी वाट बघतंय, असा.’

दादा, मी तिला दोरीबद्दल कधीही सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

मी स्वतः आत जाऊन बसले. चारच्या सुमाराला मागचा खांब हलला. तीनदा. मी बाहेर धावले. मागे मोकळी जमीन आणि कुंपण. खांबाला काही बांधलेलं नव्हतं. मी हात लावून पाहिला, खांब जरा ओलसर होता, बाकीचे दोन्ही कोरडे. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. काल पोरगी आतून म्हणाली, ‘ये की मग!’ मी तिला ओढून घरात आणलं आणि कधी नव्हे ते तिच्यावर हात उचलला. नंतर दोघी रडलो, ती कशासाठी ते तिला ठाऊक, मी कशासाठी ते मला.

तुला ती दोरी आठवत असणार, माझ्याहून जास्त. पठारावर तंबू टाकला आणि धुकं उतरलं, की बाबा झऱ्यापासून तंबूच्या मागच्या खांबापर्यंत ती बांधायचे. हातभर अंतरावर निळी खूण. दोरी धरून जायचं, दोरी धरून यायचं. परतताना तीन हिसके द्यायचे, म्हणजे खांब हलेल आणि आतलं माणूस ‘ये’ म्हणून ओरडेल. त्या दुपारी आई-बाबा रॉकेल आणायला खाली गेले होते. मुंगळा सहा वर्षांचा, पाण्याचा डबा घेऊन एकटा झऱ्यावर गेला. तू आत पुस्तक वाचत होतास. तू म्हणालास, ‘जा, दोरी सोडू नकोस.’ मी बाहेर होते.

तो परत आलाच नाही, कधी सापडलाही नाही. नंतर बाबांनी तुला विचारलं, खांब हलला तेव्हा कुठे होतं लक्ष? तू म्हणालास, ‘खांब हललाच नाही.’ त्यांनी तुला मारलं. तू परत तेच म्हणालास. आईसुद्धा म्हणाली, पुस्तकात डोकं घातलं की याला जग दिसत नाही. चार वर्षं तू तेच वाक्य बोललास आणि मग घर सोडलंस.

खांब हलला नव्हता, दादा. तो हलणं शक्यच नव्हतं.

मागच्या कोपऱ्याची ताणाची दोरी तुटली होती आणि वरचं कापड फडफडत होतं. बाबा यायच्या आत मी ते नीट करणार होते. शाबासकी हवी होती. दुसरी दोरी मिळेना, म्हणून मी खांबावरची झऱ्याची दोरी सोडली आणि सुरीने हातभर तुकडा कापला. उरलेलं टोक हातातून निसटून उतारावर गेलं. दहा-बारा पावलांवर सापडलं, तर तिथल्याच एका झुडपाला बांधून टाकलं. म्हटलं, हे काम झालं की आणू.

मग मी कापड ताणून गाठ मारत होते. दोन्ही हात गुंतलेले, दोरीचं टोक दातांत. तेव्हा धुक्यातून तो म्हणाला, ‘ताई, तंबू कुठे गेला?’ अगदी जवळून. घाबरलेला नव्हता, आश्चर्य वाटल्यासारखा. मी ओ दिली नाही. दात सोडले असते तर गाठ सुटली असती. गाठ बसली आणि मी म्हटलं, ‘इकडे ये.’ तोवर कोणी नव्हतं.

मग मी दोरी आणून पुन्हा खांबाला बांधली. ताणल्यावर पुरली. तू ‘खांब हलला नाही’ म्हणत होतास, आणि मी आईच्या पदराआड उभी होते.

मला वाटायचं हे एकटीलाच ठाऊक आहे. पण ते ठिगळ बाबांनी लावलं. त्यांनी झऱ्याच्या दोरीवर एक खूण कमी भरलेली पाहिली, गाठ पाहिली, ओळखली आणि शिवून टाकली. एक पोर गेलं होतं, दुसरं त्यांनी वाचवलं, तिसऱ्याला देऊन. शेवटच्या आजारात ते तुझं नाव घेऊन ‘त्याला सांग’ म्हणायचे. काय सांगू, विचारलं की भिंतीकडे तोंड करायचे.

आज सकाळी हे सगळं आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, हाकलून देईल. मग म्हणाली, ‘खांब हलला नाही म्हणायचा. किती वेळा म्हणाला गं, बिचारा.’ मी म्हटलं, आई, मी तंबू उतरवून जाळून टाकते. तिने माझा हात घट्ट धरला. तिचे कान माझ्याहून तिखट आहेत, तिने काय ऐकलंय मला माहीत नाही.

‘राहू दे उभा,’ ती म्हणाली. ‘मोठ्याला लिही, ये म्हणावं. दोघंही यायचेत अजून.’

तू खरं बोलत असताना गप्प राहिलेली,
तुझी बहीण