आत्याची खोली कुठे?

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडल्याचं ताईने कळवलं आणि जीव भांड्यात पडला. लेकीकडे आहेस तर आराम कर, पण फार लाडावू नकोस.

नव्या इमारतीची खबर अशी, की गोदामावर पत्रे चढले, माल उतरवायचा ओटा तयार झाला आणि ऑफिसच्या वरच्या मजल्याचा स्लॅबही भरून झाला. तुझी खोली खालीच, दरवाजाजवळ बांधायला घेतली आहे. जुन्या कारखान्यातला खोक्यांचा आपला सगळा पसारा उन्हाळ्यात इकडे हलवायचा, तेव्हा तू हवीस. माझ्या एकट्याच्याने हा गाडा रेटणार नाही.

लोभ आहे, तो पत्रागणिक वाढावा.

तुझा भाचा


ता. ११ मार्च

चि. पिट्टूस,
अनेक आशीर्वाद.

खाली खोली बांधायला तुला कुणी सांगितलं? माझी खोली वर हवी, गोदामाकडे खिडकी असलेली. ट्रक लागला की मालकिणीला तो दिसला पाहिजे, आणि ट्रकवाल्याला मालकीण. जिन्याची काळजी तू करू नकोस. इथे ताई मला धाकात ठेवते, जावई चहासुद्धा हातात आणून देतात. बसून बसून जीव विटला. इमारत होते तोवर मी तिथे हजर समज.

कामगारांना उन्हात फार राबवू नकोस. मायेने लिहीत जा.

तुझी आत्या


ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझी मती गुंग झाली आहे. वर म्हणालीस, म्हणून खालची भिंत पाडून वर बांधली. पुढच्या पत्रात खालीच बरी म्हणालीस, तेव्हा वरची पाडली. काल कार्ड आलं की खोलीच नको, त्या जागी खोक्यांची मांडणी करा. तुझं अक्षर आलं की आधी काम, मग शंका, ही शिस्त तूच लावलेली. त्यामुळे विचारायच्या आत आमचे हातोडे चालतात. गवंडीमामा म्हणतात, जन्मभर भिंती बांधल्या, पण अशा ये-जा करणाऱ्या भिंती कधी पाहिल्या नाहीत.

माझं काही चुकलं का? फोनवर तू येत नाहीस. ताईला विचारलं तर आईलाच विचार म्हणते आणि हवापाण्यावर येते. खोली नको म्हणजे तू येणार नाहीस, असं समजू का? मला नीट झोप नाही.

लोभ वाढावा, सूचना कमी व्हाव्यात.

तुझा गोंधळलेला भाचा


ता. १० एप्रिल

चि. पिट्टूस,
आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. वर खोली सांगितली तेव्हा मी काठी न घेता खिडकीपर्यंत गेले होते. खालीच बरी असं लिहिलं, त्याच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात पडले. आणि कार्ड लिहिलं तेव्हा डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की यापुढे चाकाची खुर्चीच. ताईला मीच गप्प बसवलं.

सगळ्या कारखान्यासमोर मला कुणी ढकलत आणलेलं मला सोसणार नाही. तू सांभाळ. तुला जमेल.

रागावू नकोस.

आत्या


ता. १६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र ओट्यावर बसून वाचलं. रडलो, हे लपवत नाही. मग तुझा राग आला. जड खोकी उतरवायला आपण चाकं लावतो, त्यात आपल्याला कधी लाज वाटली नाही.

आजवर तुझा शब्द मोडला नाही, आज मोडतो आहे. खाली खोली पुन्हा बांधायला घेतली. दार रुंद ठेवलं आहे, उंबरा नाही, आणि खिडकी गोदामाकडे. गवंडीमामांनी विचारलं, उद्या आत्याबाईंचं पत्र आलं तर पाडायची का. मी सांगितलं, आता पत्रावर वीटही हलणार नाही. पाडायची असेल तर तिने स्वतः येऊन पाडायला सांगावं.

वाट पाहतो.

तुझाच
पिट्टू