उंचीला घाबरणारी शिडी

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी पाळणाघराच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेय आणि बाहेर सगळी पिल्लं झोपलीत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिन्याची चढउतार कमी कर. इथे सगळं ठीक. नळ गळतोय, पण तो नेहमीच गळतो.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मग त्या "बरं"चा अर्थ लावत मी जीव टांगणीला लावून बसते. म्हणून पत्र.

तर आपली शिडी. दादा, 'उंचीला घाबरणारी शिडी' ही गोष्ट एका प्रकाशकांना आवडली! खरंच. थांब, वहिनीला लगेच हाक मारू नकोस. आधी पूर्ण वाच.

पहिल्या प्रकाशकांनी उत्तरच दिलं नव्हतं, दुसऱ्यांनी एका ओळीत बोळवण केली होती, ते तुला ठाऊक आहेच. या तिसऱ्यांच्या संपादक बाईंनी भेटायला बोलावलं. त्यांच्या खोलीत बसायला जागा म्हणून नाही, खुर्चीवरसुद्धा लोकांची बाडं. त्यांनी एक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, तेव्हा मी टेकले. मांडीवर पिशवी घट्ट धरून, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी. बाईंनी माझी गोष्ट मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता पेन्सिल चालवली. "शिडी थरथर कापत होती, हे चित्रात दिसणारच. मग शब्दांत कशाला?" माझी निम्मी वाक्यं तिथेच गारद झाली. पण खरं सांगू? गोष्ट सुटसुटीत झाली. मला आवडली.

मग म्हणाल्या, "नवे लेखक हमखास एक चूक करतात. घरच्या कुणाकडून तरी चित्रं काढून आणतात. चित्रकार कोण, ते प्रकाशक ठरवतो हो. तुम्ही नुसती गोष्ट पाठवायची."

मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, तयार पुस्तकच नेऊन हातात ठेवलं की त्यांचंही काम हलकं.

किती गोल गोल फिरतेय बघ. सरळ लिहिते. दादा, त्यांना गोष्ट हवी आहे. तुझी चित्रं नकोत.

लिहिलं बाई एकदाचं.

त्यांनी ती न बघताच बाजूला सारली असती, तर मी तिथेच भांडून आले असते. पण एकेक चित्र नीट बघितलं त्यांनी. म्हणाल्या, "हात पक्का आहे. पण ही चित्रं रस्त्यापलीकडून बघायची आहेत. मूल पुस्तक मांडीवर घेऊन बघतं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या भावाने अर्ध्या गावाच्या दुकानांचे बोर्ड रंगवलेत!" तर म्हणाल्या, "तेच दिसतंय."

खरं तर ते मला आधीच दिसलं होतं. इथे मुलांना मांडीवर घेऊन तुझी चित्रं दाखवली की ती चुळबुळ करत उतरून जायची. भिंतीवर लावली, तर आमचा तो टकलू दारातून ओरडला, "गोगलगाय!" धावत्या गाडीतल्या माणसालाही वाचता यावं म्हणून जन्मभर रंगवलंस तू. तो हात एकदम कसा विसरेल? त्यात तुझा काय दोष?

आणि वर वहिनीने गुपचूप फोन केला होता. छापील बोर्ड आल्यापासून डब्यात पडलेले ब्रश तू पुन्हा बाहेर काढलेस, सकाळी शीळ घालतोस, टर्पेंटाइनच्या बाटलीला हात लावला की तिच्यावर खेकसतोस. "कितीतरी वर्षांनी खेकसले गं," असं सांगताना ती हसत होती. आता मी हे कळवल्यावर ते ब्रश परत डब्यात जातील, याचीच मला धास्ती.

पुढचं ऐक. बाईंनी विचारलं, "शेवटी शिडीची भीती जाते कशी? हे तर लिहिलेलंच नाही." कसं असेल? ते तू रंगवलं होतंस. पहिल्या चित्रात सगळ्यात खालच्या पायरीवर गोगलगाय, आणि पान उलटलं की एक पायरी वर. ती पडू नये म्हणून शिडी उभी राहते आणि घाबरायचं विसरते. मी त्यावर एक शब्दही लिहिला नव्हता. बाईंनी चित्रं परत ओढून घेतली, गोगलगाईवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "हे सुचलं कुणाला?"

तुझं नाव सांगितलं.

"मग गोष्ट दोघांची आहे. मुखपृष्ठावर लेखक म्हणून दोघांची नावं घालू."

चित्रं मात्र दुसरं कुणीतरी काढणार. तुझी गोगलगायसुद्धा. निदान पुस्तकाचं नाव तरी तुझ्या अक्षरात घ्या, असं मी म्हटलं. "बघू," म्हणाल्या. ते "बघू" तुझ्या "बरं"सारखंच होतं, तेव्हा त्यावर विसंबू नकोस.

तू म्हणशील, "मला कुणाचे उपकार नकोत." किंवा त्याहून वाईट, "तू कर सही, माझं काय एवढं." "आपण तुझ्या चित्रांसकट दुसरीकडे प्रयत्न करू," हे वाक्य मी परत येताना बसमध्ये घोकत होते. इथे लिहिलंही होतं, ते वरचं खोडलेलं तेच. पण तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं मला जमणार नाही. मला सही करायची आहे, दादा. मला हे पुस्तक हवंय. तुझ्या चित्रांशिवायसुद्धा हवंय. हे लिहिताना मला रडू येतंय, पण खरं हेच आहे.

चित्रं परत पाळणाघराच्या भिंतीवर लावलीत. मुलं आता ती काढू देत नाहीत.

आठवतं, तू वर अक्षरं रंगवायचास आणि मी खाली शिडी धरून उभी असायचे? खाली न बघताच विचारायचास, "धरलीयेस ना, शेपूट?" चिमणीएवढा जीव माझा, मी काय धरणार होते! पण मी "हो" म्हटल्याशिवाय तू पुढची पायरी चढायचा नाहीस. आता मी वर चढायला निघालेय, आणि तुझ्या "हो"शिवाय पाय उचलत नाही.

करारपत्र सोबत ठेवलंय. दोघांच्याही सहीची जागा रिकामी आहे. राग आला तर फोन कर, मनसोक्त ओरड, टर्पेंटाइनच्या बाटलीला हात लावल्यासारखा खेकस. फक्त "बरं" म्हणून ठेवून देऊ नकोस.

धरलीयेस ना, दादा?

तुझी,
शेपूट