बस म्हणजे नक्की काय?

आई, लांबूनच तुझ्या पाया पडते.

माझं इथे छान चाललंय. लाँड्रीत चादरींना वाफेची इस्त्री करते. वाफेने चेहरा कसा तुकतुकीत राहतो! पायांना जरा सूज येते, पण चप्पल एक नंबर मोठी घेतली, झालं.

परवाची गंमत ऐक. नवी मुकादमबाई माझ्यावर ओरडली, "बस!" मला वाटलं, हिला आपली भाषा येते, देव हिचं भलं करो, आणि मी टेकले की स्टुलावर! सगळ्या पोट धरून हसल्या. तिच्या भाषेत बस म्हणजे दाब. इस्त्रीचा दांडा दाब, म्हणत होती बिचारी.

घड्या घालणारी म्हणाली, "आमच्यात बस म्हणजे पुरे." म्हटलं, आमच्यातही. तर म्हणते, "तो शब्द आमच्याकडूनच नेलाय तुम्ही!" रस्त्यावरची बस तेवढी सगळ्यांची एकच, आणि ती रोज कामावरच आणून सोडते.

दिवसभर कानांवर बस, बस पडत असतं आणि मी आपली उभी.

बाबांचा खोकला कमी आहे का? दादा औषध वेळेवर आणतो ना?

तुझ्या पत्राच्या शेवटी एवढंच होतं, "बाळा, आता बस." म्हणजे घटकाभर बस, की आता पुरे झालं, की मिळेल ती बस धरून घरी ये?

कुठला अर्थ ते लवकर कळव. कुठलाही चालेल.

तुझी,
उभी लेक