यादीतलं पहिलं नाव

बाबा, तुमची लाडकी खेळाडू येऊन गेली. हो, तीच. आता हॅम्बर्गला विमानांच्या कंपनीत आहे, कामासाठी इकडे डार्मश्टाटला आली आणि दोन दिवस आमच्याकडेच राहिली. पन्नाशीला आली तरी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते मेली. मी दारात हसून उभी, पण आत काय चाललं होतं ते माझं मला ठाऊक.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण उंची तुमची घेतलीय आणि इथल्या क्लबात बास्केटबॉल खेळते. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे जर्मनमधून 'या', म्हणजे हो, 'नाइन', म्हणजे नाही, आणि फार खूश असली तर 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर. काल मात्र हिच्याशी दोन तास तोंडाचा पट्टा सुरू! अमेरिकेत कॉलेजच्या पोरांमधून मोठ्या टीम एकेक खेळाडू निवडून घेतात. लेकीच्या आवडत्या टीमचा नंबर यंदा तिसरा आहे, तर कुणाला घ्यावं, यावर वाद. लेक म्हणते तो सात फुटी घ्या, ही म्हणते तो बुटका घ्या. बोलता बोलता हिने माझा पोळपाट ओढला, त्यावर पीठ भुरभुरलं, बोटानं कोर्ट आखलं आणि शेंगदाणे मांडले. "सर असंच करायचे," म्हणाली. "उंची काय, कुणालाही दिसते गं. बॉल हातात नसताना तो कुठे पळतो ते बघ." शब्द न् शब्द तुमचा. बाप माझा, पोळपाट माझ्या आईचा, लेक माझी. आणि शेंगदाणे सरकवणार ही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओट्याशी कांदा चिरत राहिले, म्हणजे डोळ्यांचं कारण कुणी विचारलं नसतं.

तुम्ही जिल्ह्याच्या मुलींचे कोच होतात तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात हेच तर चालायचं. जून महिना, कॉलेजं नुकती उघडलेली, आणि तुम्ही दोघं पोळपाटावर वाकलेले. आई ओरडतेय, "अहो, मला पोळ्या लाटायच्यात!" तुम्हाला ऐकूच येत नाही. कुठल्या कॉलेजची कोण मुलगी घ्यायची, कुणाचा गुडघा दुखरा, कोण हरल्यावर रडते. ती तुमच्याशी भांडते आणि तुम्ही खूश होता. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, ती डावखुरी घ्या ना." तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "तू लिही. अक्षर छान आहे तुझं." तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे तुमचे सगळे कागद मीच लिहायची. त्याचं बक्षीस म्हणून मला शाईचं पेन दिलंत. तिला दिलीत तुमची शिट्टी. मला खेळता येत नव्हतं, मान्य. पण शिट्टी वाजवायला काय खेळता यावं लागतं?

त्या वर्षी राज्याच्या शिबिराला जिल्ह्यातून कॉलेजच्या बारा मुली पाठवायच्या होत्या. अकरा नावांवर तुम्ही तीन दिवस वाद घातलात. बारावं, म्हणजे खरं तर पहिलं, तिचं. त्यावर वाद कसला? मी त्याच पेनानं यादी पक्की लिहिली आणि पहिलं नाव लिहिलंच नाही. खाली राखीव मुलीचं नाव घालून बारा पुरे केले. तुम्ही न वाचता सही केलीत. "तू लिहिलंयस ना, मग काय बघायचं?" म्हणालात. तेव्हा तरी कागद ओढून घ्यायला हवा होता. नाही घेतला.

सगळ्यांना पत्रं आली, तिला आलं नाही. तुम्ही ऑफिसात जाऊन कागद पाहून आलात, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या काही लक्षात आलं नाही, सुटले बाई. मग आईकडून कळलं की तुम्ही तिच्या घरी जाऊन, तिच्या आईबापांसमोर, तिला हात जोडलेत. हसाल, पण मला त्या हात जोडण्याचासुद्धा हेवा वाटला. करायला गेले काय आणि तिच्याच पदरात आणखी एक माप पडलं. त्यानंतर तुम्ही पोळपाट कधी मागितला नाहीत. आईला बरंच झालं. मला नाही झालं.

आणि काल ही लेकीला तोच किस्सा सांगत होती. "सर म्हणाले, यादी मी माझ्या हातानं लिहिली, तुझं नाव माझ्याकडूनच राहिलं. एवढा मोठा माणूस, पण चूक कबूल करायला घरी आला."

माझ्या हातातली सुरी थांबली. लेकीनं मान वर केली. "पण आई, ओपाचं सगळं तर तूच लिहायचीस ना?" ओपा म्हणजे आजोबा, तुम्ही. तिला ते मीच सांगितलेलं, शंभरदा, मिरवत.

"त्या वर्षी माझी परीक्षा होती," मी म्हटलं.

"गेनाऊ," लेक म्हणाली आणि पुन्हा त्या सात फुटी खेळाडूकडे वळली. तुमची लाडकी मात्र एक शेंगदाणा बोटात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकतेस?"

आज सकाळी तिला गाडीत बसवून आले आणि हे लिहायला घेतलं. आधी वाटलं, लिहून झालं की तिलाच पाठवून द्यावं, पत्ता आहे माझ्याकडे. नाही पाठवणार. बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, हे काल ओट्याशी उभी असताना कळलं. शरम वाटली, पण ती नंतर. आधी आनंद झाला. शिट्टी राहू दे तिला. ते खोटं माझ्या वाट्याचं, ते तेवढं मी तिला सांगणार नाही.